साठ किलो, एकशेसाठ सेंटिमीटर

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. नोकरीच्या आठवणी लिहिताना माणूस बहुधा शेवटी कुठेतरी एखादी चूक कबूल करतो, तीही लहानशी, वाचणाऱ्याला हसू येईल अशी. माझी तशी नाही. सुलभा परब नावाच्या एका बाईंचं वजन आणि उंची मी न मोजता मशीनमध्ये भरली. त्यामुळे त्यांचं वाढलेलं हृदय कागदावर नॉर्मल ठरलं. ऑपरेशन सव्वा वर्ष लांबलं आणि त्या वाचल्या नाहीत. आई आपल्यामुळे गेली, असं त्यांची मुलगी त्यानंतर साडेतीन वर्षं समजत राहिली. खरं काय ते माहीत असलेला माणूस एकच होता, आणि तो गप्प होता.

मी मालाड पश्चिमेला एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन आहे. बावीस वर्षं झाली. टेक्निशियन म्हणजे बटण दाबणारा, अशी लोकांची समजूत असते आणि ती फारशी चुकीची नाही. पेशंट डॉक्टरांना पाच मिनिटं भेटतो, आमच्या हातात पाऊण तास असतो. त्याच्या खिशातली नाणी, कानातली कुडी, छातीतला पेसमेकर विचारून घ्यायचा, त्याला त्या बोगद्यात सरकवायचं, आतल्या ठोकाठोकीला घाबरू नका म्हणून सांगायचं. गुडघा, कंबर, मेंदू ही सगळी सोपी कामं. पेशंट निपचित पडला की चित्र चांगलं येतं.

हृदय मात्र पडून राहत नाही. ते हलतं, आणि त्याच्या बाजूला फुप्फुसं हलतात. हृदय थांबवता येत नाही, म्हणून आम्ही श्वास थांबवायला सांगतो. "श्वास घ्या. सोडा. आता थांबा." दहा-पंधरा सेकंदांनी, "घ्या श्वास." एका पेशंटमागे हे तीस-चाळीस वेळा. मराठी, हिंदी, गुजराती अशा तिन्ही भाषांत मी हे इतकं म्हटलंय की त्यातला एकही शब्द आता मला ऐकू येत नाही.

मढचे एक कोळी आजोबा आले होते. मी "थांबा" म्हटलं, तेवढ्यात रिसेप्शनवरून फोन आला, आणि कुठल्या तरी पेशंटच्या वेळेवरून माझी तिथे हुज्जत झाली. वळून पाहतो तर पडद्यावर श्वासाची रेघ सपाट. मिनिटाच्या वर झालं होतं. मी माइकवर ओरडलो, "आजोबा, श्वास घ्या." बाहेर आल्यावर त्यांना घाम नाही की धाप नाही. म्हणाले, "तू सांगशील तवाच घेनार ना. मी अजून थांबलो असतो." ही गोष्ट मी कितीतरी वर्षं सगळ्यांना हसून सांगत आलो. आता सांगत नाही. तेव्हाही लक्ष माझंच नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

फोटो काढून झाले की खरं काम सुरू होतं. हृदयाच्या वरपासून खालपर्यंत काकडीच्या चकत्यांसारखे दहा-बारा आडवे छेद आमच्याकडे असतात. प्रत्येक छेदावर माउसने गोल काढायचा. एकदा हृदय पूर्ण भरलेलं असतानाचा, एकदा पिळून रिकामं झालेलं असतानाचा. मग कॉम्प्युटर सांगतो, डाव्या कप्प्यात भरल्यावर किती मिलिलीटर रक्त मावतं आणि त्यातलं किती बाहेर फेकलं जातं.

पण मिलिलीटरचा नुसता आकडा कामाचा नाही. सहा फुटी माणसाचं हृदय मोठंच असणार, चार फूट दहा इंचाच्या बाईचं लहानच असणार. म्हणून त्या आकड्याला माणसाच्या अंगाच्या आकाराने भागतात. उंची आणि वजन घालून शरीराच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ निघतं, त्याने भागायचं. जे उत्तर येईल ते तक्त्याशी ताडून पाहायचं. तक्ता म्हणजे कुणीतरी कुठेतरी बऱ्याच धडधाकट लोकांची हृदयं मोजली, दोन्ही टोकांचे थोडे सोडून दिले आणि मधला पट्टा नॉर्मल म्हणून छापला. पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा, वयाप्रमाणे वेगळा. आमच्याकडचा तक्ता परदेशातल्या लोकांवर केलेला आहे. प्लास्टिकमध्ये घालून तो माझ्या पडद्याच्या शेजारी लावलेला असायचा.

मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी रिपोर्ट घेऊन परत आले होते. त्यांनी प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने खूण केली होती.

"यात पासिंग किती आणि मला किती?"

मी म्हटलं, "काका, यात पासिंग नसतं. मधल्या पट्ट्यात असलात की झालं."

"मी पट्ट्यात कुठे आहे? वर की काठावर?"

आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टर नाडकर्णी मॅडम मागून जात होत्या. त्या थांबल्या. "काका, या विषयात डिस्टिंक्शन मिळालं की ऑपरेशन करतात. तुम्ही पास क्लासवर खूश राहा."

याच मॅडमनी मला तक्ता वाचायला शिकवला. पोलीस भरतीची तयारी करणारा कांदिवलीचा एक कबड्डीपटू आला होता. त्याचं हृदय पट्ट्याच्या वर गेलेलं. मी मसुद्यात 'वाढलेलं' लिहून मोकळा झालो होतो. मॅडमनी त्याला परत बोलावलं, रोज किती धावतोस, किती वर्षं खेळतोस विचारलं, छेद पुन्हा स्वतः मोजले आणि लिहिलं की हे व्यायामाने कमावलेलं हृदय आहे, आजार दिसत नाही. त्या मुलाने तिथेच खुर्चीत बसून तोंड झाकून घेतलं. तो गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "साळवी, आकडा नॉर्मल आहे का हे नंतर. आधी विचारायचं, हा आकडा कुणाचा आहे."

मला हे माहीत होतं, एवढ्यासाठीच हे सांगितलं.

आता मशीनचा एक नियम सांगतो. पेशंटचं वजन भरल्याशिवाय ते पुढे जात नाही. आत लहरी किती सोडायच्या याचा हिशेब ते वजनावरून करतं. वजनाचा काटा आणि उंचीची पट्टी आमच्याकडे कपडे बदलायच्या खोलीबाहेर, पॅसेजमध्ये. नियमाप्रमाणे प्रत्येकाला तिथे उभं करायचं. पण दिवसाला वीस-बावीस पेशंट. कुणी चाकाच्या खुर्चीवर, कुणी कमरेने वाकलेलं. बायका वजन सांगताना पाच किलो कमी सांगतात, पुरुष उंची दोन इंच जास्त सांगतात. गुडघ्याच्या फोटोला या कशाने फरक पडत नाही. म्हणून आम्ही अंदाजाने आकडा टाकतो आणि पुढे जातो. प्रत्येक टेक्निशियनचा आपला एक आकडा ठरलेला असतो. विचार न करता बोटं तोच दाबतात. माझ्या आधीच्या पाळीतल्या माणसाचा सत्तर होता. माझा साठ किलो, एकशेसाठ सेंटिमीटर.

हृदयाच्या पेशंटला असं करायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि सहसा मी करतही नसे, कारण हृदयाच्या बहुतेक पेशंटना शिरेतून एक औषध द्यावं लागतं आणि त्याचा डोस वजनावर ठरतो. सुरुवातीला राहिलं तरी त्या वेळी वजन आठवतंच.

सुलभा परबांना ते औषध द्यायचं नव्हतं. त्यांच्या हृदयातून मोठ्या रक्तवाहिनीकडे जाणारी झडप गळत होती, लहानपणीच्या तापामुळे खराब झालेली. बाहेर टाकलेलं रक्त थोडं थोडं परत आत यायचं. गळती बरीच होती, पण त्यांना त्रास जवळपास नव्हता आणि हृदयाचा जोरही चांगला होता. अशा पेशंटमध्ये प्रश्न एकच असतो. या जास्तीच्या रक्ताने हृदय ताणलं गेलंय का? ताणलं असेल तर झडप बदलायचं बघायचं, नसेल तर वाट पाहायची. त्यांच्या डॉक्टरांनी तेवढं एकच विचारायला आमच्याकडे पाठवलं होतं.

त्या चारकोपला राहायच्या आणि तिथल्याच औद्योगिक वसाहतीत इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यात पॅकिंगला होत्या. नवरा गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करायचा, तो पाच-सहा वर्षांपूर्वी गेलेला. त्या दिवशी मालाची गाडी निघायची होती म्हणून त्यांना अर्धा तास उशीर झाला होता. तोवर माझे दोन पेशंट खोळंबले होते आणि बाहेर त्यांच्या नातेवाइकांचा आवाज चढला होता. बाई गाऊन घालून पटकन टेबलवर येऊन झोपल्या. चण लहान, मनगटं बारीक.

"भाऊ, किती वेळ ठेवतलस ह्या नळकांड्यात?"

"पाऊण तास, मावशी."

"पाऊण तासात मी दोनशे सेट पॅक करतंय."

"आज त्यांना सुट्टी द्या."

"सुट्टी तू देतलस, पगार कोण देतलो?"

मी हसलो, त्यांच्या छातीवर तारा चिकटवल्या, बाहेर आलो. मशीनने वजन विचारलं. पॅसेजमधला काटा माझ्यापासून दहा पावलांवर होता. बाई झोपल्या होत्या, तारा लागल्या होत्या. नंतर दुरुस्त करू म्हणून मी माझा आकडा दाबला.

नंतर दुरुस्त केला नाही. विसरलो. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

संध्याकाळी छेदांवर गोल काढले. नीट काढले, एकही घाईने काढला नाही, हे अजून आठवतं. हृदयात दीडशे मिलिलीटर मावत होतं. साठ किलोच्या हिशेबाने भागून उत्तर आलं ब्याण्णव. आमच्या तक्त्यात बायकांचा पट्टा त्याच्या जरासा वर संपत होता. मसुद्यात लिहिलं, सर्वसाधारण मर्यादेत, वरच्या बाजूला. मॅडमनी चित्रं पाहिली, आकडे पाहिले आणि सही केली. वजनाचा रकाना पाहायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. ते माझं काम होतं.

परब मावशींना डॉक्टरांनी सांगितलं, अजून घाई नाही, वर्षाने परत बघू.

सव्वा वर्षाने त्या परत आल्या. मी ओळखलं नाही. त्यांच्याबरोबर तिशीच्या आतली मुलगी होती, मनीषा, आणि तिच्या कडेवर चार महिन्यांची तान्ही. पहिली वेळ म्हणून ती बाळंतपणाला आईकडे आली होती. मावशी बोलताना मध्ये थांबून श्वास घेत होत्या.

मी म्हटलं, "फार दम लागतो का?"

"चेडवाचा बाळंतपण केलंय ना, म्हणान दमलंय. दुसरा काय नाय."

मनीषा म्हणाली, "मी सांगत होते हिला, मालिशला बाई ठेवू या. दोन्ही वेळचं पाणी तापवायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, माझं अंग रगडायचं, डिंकाचे लाडू. एकटीने केलं सगळं."

"बाई कित्याक? मी मेलंय काय?"

मनीषा मला म्हणाली, "बघा सर. हे असंच बोलते."

या वेळी शिरेतलं औषध द्यायचं होतं. मी मावशींना काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलो. उंचीच्या पट्टीखाली उभं केलं. एकशे अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. तेव्हाही मला काही वाटलं नाही. फोटो घ्यायला दीड तास लागला, त्यांना श्वास रोखवत नव्हता.

दुपारी मोजायला बसलो तेव्हा तुलनेसाठी जुना स्कॅन शेजारी उघडला. नवं वजन एक्केचाळीस, जुनं साठ. आजारात माणूस एकोणीस किलो उतरू शकतो, असं मी क्षणभर स्वतःला सांगितलं. मग खालची ओळ वाचली. उंची एकशेसाठ. आजारात बारा सेंटिमीटर उंची कुणाची उतरत नाही.

मी जुना हिशेब कागदावर परत केला. खऱ्या उंचीने, आणि तेव्हाचं वजन एखादा किलो जास्त धरून. उत्तर आलं एकशे चौदा. पट्ट्याच्या खूप वर. त्यांचं हृदय सव्वा वर्षापूर्वीच ताणलेलं होतं. ते चित्रात होतं, मी स्वतः गोल काढून मोजलं होतं, आणि चुकीच्या आकड्याने भागून लपवून टाकलं होतं.

त्या वेळी मॅडमच्या खोलीचं दार उघडं होतं. बारा पावलं चालून जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि रिपोर्टच्या मसुद्यात लिहिलं, मागील तपासणीच्या तुलनेत हृदयाचा आकार लक्षणीय वाढलेला. मागच्या आकड्याच्या जागी ब्याण्णवच ठेवले.

माझी पहिली चूक विसरण्याची होती. ही विसरण्याची नव्हती.

रिपोर्ट डॉक्टरांकडे गेला. चार दिवसांनी मनीषा फिल्म न्यायला आली. बाळ घरी ठेवून आली होती. काउंटरवर मीच होतो.

"डॉक्टर विचारत होते, गेल्या वर्षी नॉर्मल होतं, मग या वर्षात असं काय केलंत? मी काय सांगणार? बाळंतपण केलं म्हणून सांगितलं." मग तिने आवाज खाली आणला. "सर, तुम्ही रोज बघता म्हणून विचारते. खरंच एका वर्षात एवढं वाढतं का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी फिल्मचं पाकीट बघत होतो.

"होतं कधी कधी, ताई," मी म्हटलं.

परब मावशींची झडप बदलली. पण हृदय आता फार थकलं होतं, ऑपरेशननंतर ते परत जोर धरेना. तीन आठवड्यांच्या आत त्या गेल्या. मला हे मॅडमकडून कळलं. त्या हळहळल्या, "काय झपाट्याने वाढलं बघ. माझ्या पाहण्यात असं क्वचित." मी मान हलवली.

त्यानंतर मी एकही पेशंट काट्यावर उभा केल्याशिवाय आत घेतला नाही. गुडघ्याचा असो की मानेचा. चाकाच्या खुर्चीवरच्याला खुर्चीसकट उचलायला लावून वजन करायचो आणि खुर्चीचं वजा करायचो. सेंटरमधली पोरं मला वजनकाटा म्हणायला लागली. "वजनकाटा आला रे, चपला काढा." मालकांनी एकदा सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं, कामात शिस्त असावी तर अशी. टाळ्या वाजल्या. मी पुढच्या पेशंटला काट्यावर घ्यायला निघून गेलो.

कुणी म्हणेल, मग इतकी वर्षं बोलला का नाही? नोकरी जाईल ही भीती होती, ते खोटं कशाला सांगू. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. पण भीती पहिल्या वर्षात ओसरली. नंतर लाज उरली. जितका उशीर होत गेला तितकी चुकीपेक्षा उशिराचीच लाज जास्त वाटायला लागली.

गेल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, मनीषा सेंटरमध्ये आली. मी लगेच ओळखलं. तिला आईच्या दोन्ही तपासण्यांची सीडी हवी होती. तिला पुन्हा दिवस गेले होते आणि तिच्या डॉक्टरांना घरातल्या हृदयविकाराची माहिती हवी होती. रिसेप्शनवरच्या शीतलने विचारलं, "आईला काय झालं होतं?"

"चांगली होती. माझं बाळंतपण केलं आणि हृदय वाढलं. वर्षाच्या आत गेली."

"अरे देवा. आता या वेळी कोण करणार?"

"सासूबाई मागे लागल्यात, मी करते म्हणून. मी त्यांना बादली उचलू देणार नाही. स्पष्ट सांगितलंय. एकीला घालवलं तेवढं पुरे." हे ती रडवेली होऊन बोलत नव्हती. पत्ता सांगावा तसं सांगत होती. "हे दुसरंही ठेवू की नको, तेच कळत नव्हतं. नवऱ्याने समजावलं. दादा तर बोलतच नाही माझ्याशी. आईचं तेरावं झाल्यापासून फक्त कामापुरतं. त्याचंही बरोबर आहे."

मी दोन खुर्च्यांच्या अंतरावर उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि सीडी घेऊन गेली.

त्याच दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही स्कॅन उघडले. स्वतः भागाकार केला.

"एकशे चौदा," त्या म्हणाल्या. "आणि मी सही केली यावर."

"तुमची चूक नाही, मॅडम."

"तू ठरवू नकोस ते. इतक्या छोट्या बाईचं हृदय पडद्यावर छाती भरून दिसतंय, आणि मी आकडा वाचून पुढे गेले." मग त्यांनी चष्मा काढला. "पहिली चूक मी समजू शकते, साळवी. दुसऱ्या वेळी मी या खोलीत होते ना रे? दार उघडं होतं ना?"

"हो."

"मग?"

 

मालकांचं म्हणणं होतं की जुनं उकरून आता कुणाला काय मिळणार. मॅडम त्यांना म्हणाल्या, "त्या मुलीला मिळेल." आणि त्यांनी दुरुस्तीचं पत्र स्वतःच्या सहीने लिहिलं. माझ्या पाळीतले हृदयाचे सगळे जुने स्कॅन आम्ही पंधरा दिवस बसून तपासले. माझा तो ठरलेला आकडा आणखी काही जणांच्या नावावर सापडला. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर बदललं नाही. एका गृहस्थांना परत बोलावलं, त्यांचं निभावलं. मला तीन महिने घरी बसवलं आणि मग परत घेतलं, पण हृदयाच्या तपासण्या माझ्याकडून काढून घेतल्या. ते योग्यच झालं.

पत्र तयार झालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी फोन करून बोलावते त्यांना. मी सांगते."

मी म्हटलं, "नको. विचारलं तिने मला होतं."

मनीषाताईंना मी फोन केला. आईच्या रिपोर्टबद्दल काही सांगायचंय, घरी आलो तर चालेल का, म्हटलं. त्या म्हणाल्या, या.

चारकोपला सेक्टरमधल्या एका बैठ्या घरात त्या राहतात. बाहेरच्या खोलीत आईचा फोटो होता. मुलगी शाळेत गेली होती. मनीषाताईंना सातवा महिना लागला असावा. त्यांनी पाणी आणून ठेवलं. मी ते घेतलं नाही. आधी पत्र पुढे केलं, आणि मग पत्रात काय आहे ते तोंडाने सांगितलं. मोठे शब्द टाळले. मोजलं नाही, मनाने भरलं, त्यामुळे नॉर्मल दिसलं, नव्हतं.

त्या पत्र वाचत राहिल्या. मग बोटाने तारीख दाखवली.

"ही पहिल्या वेळची तारीख."

"हो."

"तेव्हा मला दिवस गेलेले नव्हते."

"नव्हते."

"म्हणजे आईचं आधीच वाढलेलं होतं."

"आधीच. मॅडम म्हणाल्या की डॉक्टरांनी तेव्हाच ऑपरेशनचं बोलणं काढलं असतं. बाळाच्या जन्माच्या कितीतरी आधी. त्या नक्की वाचल्या असत्या, असं मी म्हणू शकत नाही. पण घरातल्या कामाने झडपेचं असं होत नाही. तुमच्या बाळंतपणाने त्या गेल्या नाहीत."

आत गॅसवर कुकर होता. त्या उठून आत गेल्या, गॅस बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "काउंटरवर. एका वर्षात एवढं वाढतं का म्हणून."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"किती वेळ लागतो हो वजन करायला?"

"एक मिनिट."

त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मोबाइल घेतला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"दादा, मी बोलतेय. ठेवू नकोस. काम आहे."

"बोल ना. ऑफिसात आहे मी."

"आईच्या सेंटरमधले एक जण आलेत. ते काय सांगतात ते ऐक. माझ्याकडून ऐकलंस तर तुला पटणार नाही." फोन त्यांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "सांगा त्याला. मला सांगितलंत तसं."

मी म्हटलं, "माझं नाव विनायक साळवी. तुमच्या आईच्या हृदयाची तपासणी मी केली होती. त्यांचं वजन आणि उंची मी मोजली नाही, मनाने भरली. त्यामुळे त्यांचं हृदय नॉर्मल आहे असं लिहिलं गेलं. ते तेव्हाच वाढलेलं होतं, तुमच्या बहिणीला दिवस जाण्याच्या आधी. ऑपरेशनला उशीर झाला तो माझ्यामुळे. दुसऱ्या तपासणीच्या वेळी मला हे कळलं आणि मी लपवलं. तुमच्या बहिणीने मला विचारलं तेव्हा मी त्यांच्याशी खोटं बोललो. त्यांचा यात काही दोष नाही. मी त्यांची माफी मागतो, आणि तुमचीही."

फोन चालू होता, वर सेकंद पुढे सरकत होते.

मनीषाताईंनी मोबाइल माझ्या आणखी जवळ सरकवला.

"परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा."

मी परत सांगितलं.